अणूचा कोणता भाग हलला?

वाशीच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संकुलात २००० सालापासून एक संयंत्र चालू आहे. मिरची, हळद, धणे, मिरी यांची बंद खोकी त्यात जातात, कोबाल्टमधून निघणाऱ्या गॅमा किरणांसमोरून फिरतात आणि जंतू मारून झाले की बाहेर येतात. अणुऊर्जा खात्याच्या ज्या मंडळाला सगळे ‘ब्रिट’ म्हणून ओळखतात, ते मंडळ हे संयंत्र चालवते. थायरॉइडच्या रुग्णांना लागणारे किरणोत्सारी आयोडीनही याच वाशीतून देशभरच्या रुग्णालयांत जाते. तिकडे खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या ‘ॲक्ट्रेक’मध्ये २०२३ पासून प्रोटॉनच्या झोताने कर्करोगावर उपचार होतात.

या तिन्ही कामांबद्दल लोकांच्या मनात एकच शंका असते. किरणांसमोरून गेलेली मिरची किरणोत्सारी होते का? उत्तर आहे, नाही. मग आयोडीन घेतलेला रुग्ण काही दिवस किरण बाहेर टाकत असतो का? उत्तर आहे, हो. दोन्हीकडे ‘अणू’ आहे, दोन्हीकडे ‘किरण’ आहेत, आणि उत्तरे मात्र उलटी. या फरकाचे कारण एकाच प्रश्नात आहे: त्या प्रक्रियेत अणूचा कोणता भाग हलला? हा प्रश्न विचारता येण्यासाठी अणूला भाग असतात, ते कोणते आणि किती घट्ट बांधलेले, हे आधी कळावे लागले. माणसाने ते बाहेरून आत जात शिकून घेतले, आणि त्याला १८०३ ते १९३२ अशी जवळजवळ एकशेतीस वर्षे लागली. त्याच क्रमाने आपण जाऊ.

अख्खा अणू

पदार्थ बारीक कणांचा बनलेला असावा, हा विचार जुना आहे. आपल्याकडे कणादांनी तो मांडला, ग्रीसमध्ये डेमोक्रिटसने. तो तर्क होता. त्याला तराजूचा आधार नव्हता. तो आधार इंग्लंडमधल्या जॉन डाल्टनने दिला.

डाल्टनचा मुद्दा आजच्या आकड्यांत असा सांगता येईल. कार्बन आणि ऑक्सिजन यांचे दोन वायू बनतात. एकात १२ ग्रॅम कार्बनशी १६ ग्रॅम ऑक्सिजन जोडला जातो, दुसऱ्यात ३२ ग्रॅम. नेमका दुप्पट. २० ग्रॅम किंवा २७ ग्रॅम जोडून या दोन वायूंच्या अधलामधला वायू होत नाही. पदार्थ सलग असता तर कोणतेही प्रमाण चालले असते. प्रमाण उड्या मारत बदलते, याचा सरळ अर्थ असा की एका कार्बनशी एक ऑक्सिजन जुळतो किंवा दोन. दीड जुळत नाही. ही कल्पना डाल्टनने १८०३ च्या सुमारास मांडली आणि १८०८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. १८६९ मध्ये मेंडेलीव्हने मूलद्रव्यांची आवर्तसारणी लावली तीही अणूंच्या वजनांच्या क्रमाने.

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या औद्योगिक पट्ट्यात रसायनांचे कारखाने आजही याच हिशेबावर चालतात. कोणत्या टाकीत काय किती टाकायचे, हे ठरवायला अणूच्या पोटात काय आहे ते पाहावे लागत नाही. अणू अख्खा धरला तरी हिशेब बरोबर येतो. डाल्टनची समजूत अपुरी होती, पण तिच्या कक्षेत ती आजही खरी आहे. पुढच्या प्रत्येक टप्प्याबाबत हेच म्हणता येईल.

पहिला तुकडा

१८९७ मध्ये केंब्रिजला जे. जे. थॉमसन काचेच्या नळीतली हवा काढून तिच्यात विजेचा मोठा दाब देत होते. ऋण टोकाकडून एक किरण निघे आणि समोरच्या काचेवर चमके. चुंबक जवळ आणला की तो वळे, विजेच्या दोन पट्ट्यांमधून नेला तरी वळे. किती वळतो ते मोजून थॉमसन यांनी त्या कणाचा विद्युतभार आणि वस्तुमान यांचे गुणोत्तर काढले.

खरे महत्त्व पुढच्या गोष्टीला आहे. त्यांनी नळीतला वायू बदलला, पट्टीचा धातू बदलला. गुणोत्तर तेच राहिले. वेगवेगळ्या पदार्थांतून एकच कण निघत असेल, तर तो सर्व अणूंचा समाईक भाग असला पाहिजे. हाच इलेक्ट्रॉन. सर्वांत हलका अणू हायड्रोजनचा. इलेक्ट्रॉन त्याच्याही सुमारे १८३६ पट हलका आहे, हे पुढे नेमके ठरले.

आता नवा पेच आला. अणू एरवी विद्युतदृष्ट्या उदासीन असतो. ऋण इलेक्ट्रॉन आत असतील तर तेवढा धन भारही कुठेतरी हवा. थॉमसन यांनी १९०४ मध्ये सुचवले की धन भार अणूभर सारखा पसरलेला असावा आणि त्यात इलेक्ट्रॉन रोवलेले असावेत. त्या वेळी हाती असलेल्या माहितीला ते धरून होते. ते चूक आहे हे कळायला अणूच्या आत काहीतरी मारून पाहणे भाग होते.

रिकामी जागा आणि मधला दाणा

मारायला काय वापरायचे, याचे उत्तर निसर्गानेच दिले. १८९६ मध्ये बेकेरेल यांना युरेनियममधून आपोआप निघणारे किरण सापडले. १८९८ मध्ये मारी आणि पिएर क्युरी यांनी पोलोनियम आणि रेडियम शोधले. या किरणांतला एक प्रकार, अल्फा, म्हणजे धन भाराचे जड आणि वेगवान कण आहेत, हे अर्नेस्ट रदरफर्ड यांनी दाखवले.

१९०९ मध्ये मँचेस्टरला रदरफर्ड यांचे सहकारी हान्स गायगर आणि अर्नेस्ट मार्सडेन यांनी अल्फा कणांचा झोत सोन्यासारख्या धातूंच्या अतिपातळ वर्खावर सोडला. कण पलीकडच्या पडद्यावर आपटला की बारीकशी ठिणगी चमके. अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एकेक ठिणगी मोजायची, असे ते काम होते. धन भार पसरलेला असता तर सगळे कण थोडेफार कलून पार जायला हवे होते. बहुतेक गेलेही. पण हजारो कणांमागे एखादा चक्क मागे फिरला.

एवढ्या वेगाच्या जड कणाला परतवायचे तर अणूचा सगळा धन भार आणि जवळजवळ सगळे वस्तुमान एका अगदी लहान जागेत एकवटलेले असले पाहिजे. १९११ मध्ये रदरफर्ड यांनी हे गणिताने मांडले आणि अणूला केंद्रक मिळाले. केंद्रक किती लहान? नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमएवढा अणू कल्पिला, तर मैदानाच्या मध्यावर ठेवलेला मोहरीचा दाणा म्हणजे केंद्रक. बाकी सगळ्या अवकाशात फक्त इलेक्ट्रॉन.

आपल्या मूळ प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे हाती लागते. दोन अणू जवळ येतात, जुळतात, तुटतात, तेव्हा त्यांचे बाहेरचे इलेक्ट्रॉन एकमेकांना भेटतात. केंद्रके फार दूर आत असतात. जाळणे, शिजवणे, गंजणे, पचवणे, ही सारी रसायनक्रिया बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची आहे. केंद्रकाला तिची खबरही लागत नाही.

इलेक्ट्रॉन पडत का नाही?

रदरफर्ड यांच्या अणूत एक गंभीर अडचण होती. फिरणारा विद्युतभार ऊर्जा बाहेर टाकतो, हा तेव्हाचा पक्का नियम. त्याप्रमाणे केंद्रकाभोवती फिरणारा इलेक्ट्रॉन सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या आत केंद्रकात कोसळायला हवा. तसे होत नाही, नाहीतर आपण कुणीच नसतो.

१९१३ मध्ये डेन्मार्कच्या नील्स बोर यांनी ठामपणे सांगितले की इलेक्ट्रॉनला कोणतीही ऊर्जा चालत नाही. ठरावीक पातळ्यांवरच तो राहू शकतो. वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर येताना मधल्या फरकाएवढी ऊर्जा प्रकाश म्हणून बाहेर पडते. याचा पुरावा आपल्या स्वयंपाकघरात आहे. गॅसच्या निळ्या ज्योतीवर मिठाची चिमूट सोडा; ज्योत पिवळी होते. ती सोडियमची खूण. सोडियमच्या एका विशिष्ट उडीतली ऊर्जा नेमकी त्या पिवळ्या प्रकाशाएवढीच असते, म्हणून रंग दरवेळी तोच येतो.

बोर यांचे गणित हायड्रोजनला तंतोतंत लागू पडले, पण हेलियमपाशीच अडले. १९२५ आणि १९२६ मध्ये हायझेनबर्ग आणि श्रोडिंगर यांनी पुंजयांत्रिकी उभी केली. तिच्यात इलेक्ट्रॉनला आखीव वाट उरली नाही. तो कुठे सापडण्याची शक्यता किती, एवढेच सांगता येते. पातळ्या मात्र टिकल्या, आणि त्यांच्यासोबत अणूचा प्रत्येक भाग मोजायला एक समान माप मिळाले: इलेक्ट्रॉन व्होल्ट. एक व्होल्टच्या फरकातून जाताना इलेक्ट्रॉनला जी ऊर्जा मिळते ती एक इलेक्ट्रॉन व्होल्ट. मिठाच्या पिवळ्या प्रकाशातला एक कण २.१ इलेक्ट्रॉन व्होल्टचा. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन उपटून काढायला १३.६ लागतात. अणूच्या बाहेरच्या भागातले व्यवहार या लहान आकड्यांत चालतात.

वाशीची मिरची

आता संयंत्रात जाऊ. कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण दोन ऊर्जांचे असतात: ११.७ लाख आणि १३.३ लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट. इलेक्ट्रॉन सुटायला दहा-वीस पुरतात, तिथे हे लाखांत. असा एक किरण मिरचीत शिरला की वाटेतल्या एखाद्या इलेक्ट्रॉनला जोराने उडवतो. उडालेला इलेक्ट्रॉन पुढे हजारो अणूंचे इलेक्ट्रॉन सोडवत जातो. रासायनिक बंध तुटतात. जिवाणूच्या पेशीतल्या पाण्याचे तुकडे होतात आणि ते तुकडे डीएनएवर हल्ला करतात. डीएनए तुटले की जंतूची वाढ थांबते.

केंद्रकाचे काय? केंद्रकातला कण बाहेर काढायला बहुतेक मूलद्रव्यांत ७० ते ८० लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. जड हायड्रोजनचे केंद्रक २२ लाखांत फुटते. सर्वांत सैल म्हणावे ते बेरिलियमचे, त्यालाही १६.७ लाख हवेत. कोबाल्टचा किरण १३.३ लाखांवर संपतो. मिरचीतल्या एकाही मूलद्रव्याचे केंद्रक तो फोडू शकत नाही. किरणोत्सार हा केंद्रकाचा धर्म आहे. केंद्रक हललेच नाही, तर मिरची किरणोत्सारी होणार कशी?

मसाल्यांना आपल्याकडे ६ ते १४ किलोग्रे मात्रा देतात. एक ग्रे म्हणजे किलोमागे एक ज्यूल ऊर्जा. दहा किलोग्रे मात्रा पाण्याला दिली तर ते अडीच अंशांनीही तापत नाही. म्हणून मसाल्याचा वास टिकतो. वाफेने निर्जंतुक करताना तो उडण्याची भीती असते. २००७ मध्ये अमेरिकेने भारतीय आंब्याला पुन्हा दार उघडले ते किमान ४०० ग्रे मात्रेच्या अटीवर, आणि सुरुवातीचा हापूस नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या संयंत्रातून गेला. एवढ्या मात्रेने फळ जेमतेम एक दशांश अंशाने तापते. पण ऊर्जा एकेका रेणूवर नेमकी आणि मोठ्या घावाने उतरते, त्यामुळे कोयीतल्या भुंग्याची पैदास थांबते.

खुद्द कोबाल्टजवळ जाणे मात्र जिवावर बेतणारे आहे. म्हणून अशा संयंत्रांना जाड काँक्रीटच्या भिंती असतात आणि काम नसताना कोबाल्टच्या कांड्या खोल पाण्याच्या कुंडात उतरवून ठेवतात. कुंडात वाकून पाहिले तर निळसर उजेड दिसतो. गॅमा किरणांनी उडवलेले इलेक्ट्रॉन पाण्यातल्या प्रकाशापेक्षा वेगाने धावतात, त्यांचा तो उजेड.

शेवटचा दरवाजा

हा कोबाल्ट किरणोत्सारी झाला कसा? त्यासाठी केंद्रकात शिरावे लागले, आणि तिथली किल्ली सापडली ती १९३२ मध्ये.

१९१९ पर्यंत रदरफर्ड यांनी केंद्रकातला धन कण, प्रोटॉन, ओळखला होता. पण हिशेब जुळेना. हेलियमच्या केंद्रकाचा भार दोन प्रोटॉनांएवढा आणि वस्तुमान चारांएवढे. उरलेले वजन कशाचे? जेम्स चॅडविक यांनी १९३२ मध्ये उत्तर दिले: जवळजवळ प्रोटॉनएवढ्याच वजनाचा, पण भार नसलेला न्यूट्रॉन. एकाच मूलद्रव्याचे कमीजास्त वजनाचे अणू असतात, हे फ्रेडरिक सॉडी यांनी १९१३ मध्ये सांगितले होते. आता त्याचे कारण कळले. प्रोटॉन तेवढेच, न्यूट्रॉन वेगळे. यांनाच आपण समस्थानिके म्हणतो.

न्यूट्रॉनला भार नाही, त्यामुळे केंद्रक त्याला परतवत नाही. रोममध्ये एन्रिको फर्मी यांनी १९३४ मध्ये एकामागून एक मूलद्रव्यांवर न्यूट्रॉन सोडले आणि दाखवले की मंद केलेला न्यूट्रॉन तर आणखी सहज आत शिरतो. साध्या कोबाल्ट-५९ ला एक न्यूट्रॉन मिळाला की तो कोबाल्ट-६० होतो. आपल्याकडे हे काम अणुवीज केंद्रांच्या अणुभट्ट्यांत होते. नवे केंद्रक अस्थिर असते. त्यातला एक न्यूट्रॉन प्रोटॉन होतो, एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो, केंद्रक निकेल-६० चे बनते आणि शांत होताना ते दोन गॅमा किरण सोडते. ५.२७ वर्षांत निम्मे कोबाल्ट असे संपते.

त्यासाठी लागणारे इतके न्यूट्रॉन येतात विखंडनातून, म्हणजे जड केंद्रक दुभंगण्यातून. १९३८ च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये हान आणि स्ट्रासमान यांना न्यूट्रॉन मारलेल्या युरेनियममध्ये बेरियम सापडले. केंद्रक दुभंगले आहे, हा त्याचा अर्थ लिझे माइटनर आणि ओटो फ्रिश यांनी लावला. एका विखंडनातून सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट सुटतात. पुढच्या अठरा वर्षांत हे ज्ञान वाशीच्या खाडीपलीकडे आले: ४ ऑगस्ट १९५६ रोजी होमी भाभांच्या नेतृत्वाखाली तुर्भे बेटावर, म्हणजे ट्रॉम्बेला, ‘अप्सरा’ भट्टी चालू झाली. ८ ऑगस्ट १९८५ रोजी तिथेच १०० मेगावॉटची ‘ध्रुव’ सुरू झाली. तिच्या रचनेत आणि उभारणीत अनिल काकोडकर यांचा मोठा वाटा होता.

वैद्यकातले आयोडीन-१३१ अशाच संशोधन भट्टीत बनते. टेल्युरियमला न्यूट्रॉन देतात. टेल्युरियम-१३१ तयार होते. त्यातला एक न्यूट्रॉन प्रोटॉन झाला की ५२ प्रोटॉनांचे ५३ होतात, आणि ५३ प्रोटॉन म्हणजे आयोडीन.

या औषधात अणूचे दोन्ही भाग आपापले काम करतात. मिठातले साधे आयोडीन १२७ चे: ५३ प्रोटॉन, ७४ न्यूट्रॉन. औषधातले १३१ चे: ५३ प्रोटॉन, ७८ न्यूट्रॉन. प्रोटॉन सारखे, म्हणून इलेक्ट्रॉन सारखे, म्हणून रसायन सारखे. थायरॉइड ग्रंथी आयोडीन ओढून घेते आणि तिला हे दोन वेगळे ओळखता येत नाहीत. आत पोहोचल्यावर केंद्रक आपले काम करते. त्यातून निघणारे इलेक्ट्रॉन एक-दोन मिलिमीटरच जातात आणि तिथल्याच पेशी मारतात. त्यासोबतचे गॅमा किरण मात्र शरीराबाहेर पडतात. म्हणून मोठी मात्रा दिलेल्या रुग्णाला काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवतात. आठ दिवसांत निम्मे, सोळा दिवसांत पाव, बत्तीस दिवसांत सोळावा हिस्सा, असे ते विरत जाते. साठा करून ठेवता येत नाही, म्हणून ते सतत बनवावे आणि पोहोचवावे लागते.

खारघरचा प्रोटॉन

खारघरच्या यंत्राचा कच्चा माल आहे हायड्रोजन. त्याचा एकुलता इलेक्ट्रॉन काढला की उरते नुसते केंद्रक, म्हणजेच प्रोटॉन. अर्नेस्ट लॉरेन्स यांनी १९३१ मध्ये चालवून दाखवलेल्या सायक्लोट्रॉनच्या तत्त्वावर हा प्रोटॉन चुंबकीय क्षेत्रात गोल फिरवतात आणि प्रत्येक फेरीत त्याला विजेचा धक्का देतात. शेवटी तो २३ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत पोहोचतो. वेग प्रकाशाच्या सुमारे ६० टक्के.

शरीरात शिरलेला प्रोटॉनही मुख्यतः इलेक्ट्रॉनच सोडवत जातो. वेगात असताना प्रत्येक अणूजवळ तो क्षणभरच असतो, म्हणून थोडीच ऊर्जा देतो. जसजसा मंदावतो तसतशी जास्त देतो, आणि थांबण्यापूर्वी सर्वांत जास्त. हे विल्यम हेन्री ब्रॅग यांना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अल्फा कणांत दिसले होते. १९४६ मध्ये रॉबर्ट विल्सन यांनी सुचवले की याच गुणाने गाठीवर नेम धरता येईल. २३ कोटींचा प्रोटॉन पाण्यात सुमारे ३३ सेंटिमीटर जातो. ऊर्जा कमी केली की आधी थांबतो. एक्स-रे गाठीपलीकडेही जात राहतात. प्रोटॉन ठरलेल्या खोलीवर थांबतो, त्यामुळे मागचे मेंदू, हृदय, मज्जारज्जू वाचतात. वाढत्या वयाच्या मुलांसाठी हे फार मोलाचे आहे.

इथे आपला नियमही पारखून घेता येतो. या प्रोटॉनची ऊर्जा ८० लाखांच्या कितीतरी वर आहे, म्हणून काही मोजके प्रोटॉन केंद्रकांनाही धक्का देतात. शरीरात थोडे किरणोत्सारी ऑक्सिजन आणि कार्बन तयार होतात. पहिला दोन मिनिटांत निम्मा होतो, दुसरा वीस मिनिटांत. थोड्याच वेळात ते संपतात. मिरचीत जे घडू शकत नाही ते इथे का घडते, याचे उत्तर त्याच आकड्यांत आहे.

प्रोटॉनही शेवटचा तुकडा नाही. १९६४ मध्ये गेल-मान आणि झ्वाइग यांनी त्याच्या आत क्वार्क असल्याचे सुचवले आणि १९६८ पासून अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या प्रयोगांत त्याचा पुरावा मिळत गेला. तरीही वाशी आणि खारघर समजायला चॅडविकपर्यंत आलेले पुरे.

किरणप्रक्रिया केलेल्या खाद्यपदार्थाच्या पाकिटावर तसे छापणे आणि हिरवे वर्तुळाकार चिन्ह देणे कायद्याने बंधनकारक आहे. ते चिन्ह दिसले तर पाकीट खुशाल घरी न्या. त्यातल्या कोणत्याही अणूचे केंद्रक हललेले नाही. घरातल्या कुणाला आयोडीन-१३१ दिले असेल, तर लहान मुलांपासून आणि गरोदर स्त्रियांपासून दूर राहण्याबद्दल डॉक्टर जे सांगतील ते काटेकोर पाळा. तिथे केंद्रक हललेले आहे.